वय झालं की अंगातलं बळ गेलं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळचे बहुतेक प्रश्न हातावर पोट असलेल्या घरांतल्या ज्येष्ठांविषयी आहेत. काही मुलांनी विचारलेत, काही सुनांनी, काही वस्त्यांत काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी.

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे आहेत. आयुष्यभर ओझी वाहिली. वर्षभरात कपडे सैल झालेत, थोडं चाललं की बसावंसं वाटतं. सगळे म्हणतात, वय झालं. इतक्या लवकर?

६१ हे खंगण्याचं वय नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं क्षीणतेची असू शकतात. डॉक्टर तिला फ्रेल्टी म्हणतात. शरीराची राखीव ताकद इतकी घटते की साधा ताप, जुलाब किंवा एखादं पडणंही माणसाला अंथरुणाला खिळवतं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी तिच्या पाच खुणा ठरवल्या: वर्षभरात न ठरवता साडेचार किलोहून अधिक (किंवा मूळ वजनाच्या ५ टक्के) वजन घटणं, सततचा थकवा, हाताची पकड कमकुवत होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. तीन किंवा अधिक खुणा असतील तर क्षीणता, एक-दोन असतील तर तिची पूर्वावस्था. पूर्वावस्थेतून माघारी फिरणं सर्वांत सोपं असतं, आणि नेमकी तीच ‘वय झालं’ या दोन शब्दांखाली झाकली जाते.

गरिबीत हे लवकर घडतं, यात शंका नाही. स्कॉटलंडमधल्या साडेसतरा लाख लोकांच्या नोंदींवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सर्वांत वंचित भागांतल्या लोकांना एकाहून जास्त दीर्घ आजार सधन भागांपेक्षा १० ते १५ वर्षं आधी गाठतात असं दिसलं. लहानपणची उपासमार, चुलीचा धूर, तंबाखू, उपचाराविना राहिलेला रक्तदाब, पडलेले दात, अपुरी झोप हे सगळं साचत जातं. म्हणून अशा वस्त्यांत तपासणी साठीनंतर सुरू करणं म्हणजे उशीर करणं. आमच्या मते पन्नाशीतच पहिली चाचणी व्हावी.

मात्र वजन घटतंय, तेव्हा आधी डॉक्टरांकडे जा. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड, कर्करोग आणि नैराश्य यांतही माणूस असाच खंगतो. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि छातीचा एक्स-रे एवढ्यापासून सुरुवात होते. भूक कशी आहे, गिळताना त्रास होतो का आणि मन कशात लागतं का, हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

प्रश्न : आम्ही घरोघर जाणारे स्वयंसेवक आहोत. आमच्याकडे यंत्रं नाहीत. क्षीणता ओळखायची कशी?

खडू, शिवणकामाची टेप, स्टॉपवॉच असलेला मोबाइल आणि एक खुर्ची पुरते.

पहिली चाचणी चार मीटर चालण्याची. सपाट जमिनीवर चार मीटर अंतरावर दोन रेघा ओढा. दोन्ही टोकांना आणखी एकेक मीटर मोकळा ठेवा. सुरुवातीचे पाय उचलणं आणि शेवटी थांबणं त्या जागेत व्हायला हवं. रोजची चप्पल, रोजची काठी चालेल. ‘नेहमी चालता तसं चाला,’ एवढंच सांगा. पाय पहिली रेघ ओलांडेल तेव्हा वेळ सुरू, दुसरी ओलांडेल तेव्हा बंद. दोनदा चालवून चांगली वेळ नोंदवा. पाच सेकंदांहून जास्त लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी भरला, तर पुढची तपासणी हवीच.

चुका इथेच होतात. कार्यकर्ता आजींच्या बरोबरीने चालू लागतो आणि त्या त्याच्या वेगाने चालतात. खोलीत जागा नाही म्हणून दोन मीटर जाऊन वळायला लावतात. वळण्यातच दोन सेकंद जातात. कोणी ‘भरभर चला’ म्हणतं. दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी मोजलं तर थकव्याचा आकडा मिळतो, म्हणून शक्यतो सकाळी आणि दर वेळी त्याच सुमाराला मोजा.

दुसरी चाचणी खुर्चीची. हात नसलेली, बैठक साधारण ४३ ते ४५ सेंटिमीटर उंच असलेली खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं. पाचव्यांदा उभं राहिल्यावर वेळ थांबवा. १५ सेकंदांहून जास्त लागणं म्हणजे मांडीतलं बळ कमी. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल तर आकडा नको, तेवढंच लिहा. ती नोंद आकड्याहून मोलाची आहे. खुर्चीऐवजी बुटका पाट किंवा स्टूल घेतलं तर गुडघ्याच्या दुखण्याचीच परीक्षा होते. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा नुकतंच हाड मोडलं असेल तर ही चाचणी करू नका. करताना बाजूला उभे राहा, पण अंगाला हात लावू नका.

पोटरीचा घेर बसवून, तळवा जमिनीवर सपाट टेकवून, सर्वांत रुंद जागी मोजा. टेप त्वचेत रुतू देऊ नका. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांत पुरुषांना ३४ आणि स्त्रियांना ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर हा स्नायू झडल्याचा इशारा मानतात. पायाला सूज असेल तर घेर खोटा मोठा येतो, म्हणून आधी नडगीवर बोट दाबून खड्डा राहतो का ते बघा.

एक विनंती. पुढे कुठे पाठवायचं हे ठरल्याशिवाय कोणालाही मोजू नका. ‘तुम्ही कमजोर आहात’ एवढं सांगून निघून गेलात तर माणूस घाबरून आणखी कमी हालचाल करतो.

प्रश्न : आई ६५ वर्षांची. अजून बांधकामावर जाते, पाणी भरते, घर सांभाळते. तिला व्यायाम करायला सांगणं म्हणजे थट्टाच नाही का?

असं वाटणं अगदी रास्त आहे, पण कष्ट आणि व्यायाम यांचा शरीरावरचा परिणाम वेगळा असतो. स्नायूला बळ येतं ते थोड्या वेळाच्या चढत्या भारामुळे आणि त्यानंतरच्या विश्रांतीमुळे. मजुरीत तीच हालचाल, तेच सांधे, तास न् तास. भार आपल्या ताकदीनुसार कमी-जास्त करता येत नाही आणि शरीर भरून यायच्या आत दुसरा दिवस उजाडतो. नाडी आणि रक्तदाब दिवसभर चढलेले राहतात. कंबर, खांदे झिजतात, पण मांडीचे स्नायू आणि तोल यांना हवी ती शिकवण मिळतच नाही. म्हणून दिवसभर राबणारी बाईसुद्धा रात्री अंधारात पाय घसरून पडते.

त्यांना चालायला पाठवू नका, चालणं भरपूर झालंय. आठवड्यातून तीन दिवस, कामाला जाण्याआधी दहा मिनिटं पुरेत:

खुर्चीवरून उठणं-बसणं, आठ ते दहा वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून पुन्हा तितकंच. भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, दहा वेळा. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून कोपर वाकवत भिंत ढकलणं, आठ-दहा वेळा. शेवटी तोल: एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून दहा सेकंद उभं राहणं, हाताशी पक्का आधार ठेवून.

शेवटच्या दोन खेपा जड गेल्या पाहिजेत. त्या सोप्या वाटू लागल्या की बसताना तीन-चार सेकंद लावत हळू बसायचं, मग हातात पाण्याची एक लिटरची बाटली, म्हणजे एक किलो वजन. भार न वाढवता महिनोन् महिने तेच करत राहणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. श्वास कोंडू नये. मोठ्याने आकडे मोजले की तो आपोआप चालू राहतो. दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकले तर ठीक, सांधा सुजला तर तो व्यायाम थांबवा. फार ओढाताणीचं काम पडलं त्या दिवशी सुट्टी.

‘या वयात काय फरक पडणार’ म्हणणाऱ्यांसाठी: १९९४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक मारिया फियाटारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातल्या १०० जणांवर प्रयोग केला, सरासरी वय ८७. वजनाचे व्यायाम करणाऱ्यांची ताकद दहा आठवड्यांत दुपटीहून जास्त वाढली. नुसतं पूरक अन्न दिलेल्यांत फरक पडला नाही. दोन्ही लागतात, पण व्यायामाला पर्याय नाही.

प्रश्न : प्रथिनांची पावडर परवडत नाही. मग?

पावडर लागतच नाही. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. आजारपणात किंवा जखम भरताना दीड ग्रॅमपर्यंत. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २२, अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यांत ७ ग्रॅम मिळतात. पातळ वरणाच्या वाटीत मात्र मूळ डाळ जेमतेम २०-२५ ग्रॅम असते, म्हणजे प्रथिनं पाच ग्रॅम. डाळ दाट करा. आणि सगळं एकाच जेवणात नको, तिन्ही वेळा थोडं थोडं.

खरी अडचण पुष्कळदा ताटाच्या बाहेर असते. दात नाहीत म्हणून चावायचं टाळलं जातं. दाणे कुटून, डाळ घोटून, अंडं मोडून द्या. शिवाय घरात सर्वांत शेवटी कोण जेवतं आणि तोवर भांड्यात काय उरतं, ते एकदा बघा. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : सासरे रोज नऊ गोळ्या घेतात, उठताना चक्कर येते. अशक्तपणाने की गोळ्यांनी?

मोजून बघता येतं. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर रक्तदाब पडल्याची. हे तीनही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा.

सोबत घरातली प्रत्येक गोळी एका पिशवीत घालून न्या. दुकानातून आणलेली वेदनाशामकं, शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी, सर्दीची गोळी, काढे, सगळं. वेगवेगळ्या दवाखान्यांतून एकच औषध दोन नावांनी चालू असणं नेहमीचं आहे. वेदनाशामकांनी पोटात हळूहळू रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन उतरतं, मूत्रपिंडही बिघडतं. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी तोल जातो.

सर्वांत घातक गोष्ट अशी: मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिबेनक्लामाइड, जेवण चुकलं तरी साखर खाली ओढत राहतात. जिथे जेवणाची खात्री नसते तिथे हे जिवावर बेतू शकतं. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि दवाखाना गाठा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. क्षीण माणसाला साखर फार कडक आवळून ठेवण्याची गरज नसते, हे डॉक्टरांशी बोला. पण कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. झोपेची आणि रक्तदाबाची काही औषधं एकदम तोडली की उलटतात.

प्रश्न : तापातून उठल्यावर आजोबांना महिनाभर झोपून राहू द्यावं का?

नाही. निरोगी ज्येष्ठांनाही दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू झडतो, हे प्रयोगात दिसलंय. ताप उतरताच जेवण बसून, शौचाला आधाराने चालत, आणि दिवसातून तीनदा खाटेच्या कडेवरून उठबस, सुरुवातीला दोन-दोनदाच.

प्रश्न : आम्ही वर्ग भरवतो, पण ज्यांना सर्वांत गरज आहे तेच येत नाहीत.

आधी वेळ तपासा. सकाळी दहाचा वर्ग रोजंदारी बुडवतो. कामाआधी किंवा दिवेलागणीला, वस्तीतच, सात-आठ जणांच्या गटात घ्या. ‘अशक्त ज्येष्ठांसाठी’ असा फलक लावू नका. आपल्याला अशक्त म्हणवून घेणं कोणालाच आवडत नाही, आणि मजुरी करणाऱ्याला तर तसं दिसण्याने काम गमवायची भीती असते. ‘गुडघे आणि तोल यांसाठी’ म्हटलं की माणसं येतात. शौचालय जवळ आहे का ते बघा, कारण लघवीच्या भीतीने अनेक बायका घरीच राहतात. ज्यांच्या अंगावर नातवंडं असतात त्यांना नातवंडांसह येऊ द्या.

जे उंबरठाच ओलांडू शकत नाहीत त्यांच्याकडे गटातल्याच एकाने आठवड्यातून दोनदा जायचं, खुर्चीची उठबस सोबत करायची आणि पत्रकावर संख्या लिहायची. तीन महिन्यांनी चार मीटरची चाल पुन्हा मोजा. वेग सेकंदाला ०.१ मीटरने वाढला तरी ती ठोस सुधारणा आहे. तो आकडा त्या माणसाला आणि घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा.