टॅटू, दुखणं आणि भुलीचं मलम

मागच्या अंकात टॅटूविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या निम्म्याहून जास्त पत्रांत एकच काळजी आहे: किती दुखेल, आणि दुखू नये म्हणून काय लावायचं? मी कोल्हापुरात 14 वर्षं टॅटू काढते आहे. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहिते आहे ते खुर्चीवर बसलेल्या माणसांकडून आणि अडलं की ज्यांना मी फोन करते त्या त्वचारोगतज्ज्ञांकडून शिकलेलं आहे.

माझे पप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. मी कॉलेजला जाताना ते डब्यात चिठ्ठी ठेवायचे, 'वेळेवर जेव. पप्पा.' एवढीच. ती त्यांच्याच अक्षरात बरगडीवर गोंदवून घ्यायची आहे. मला सुईची फार भीती वाटते. मलम लावलं तर काहीच कळणार नाही ना? चिठ्ठीचा फोटो सोबत पाठवते आहे.
— वाचक, वय 24, सातारा

तुझा फोटो मी मोठा करून पाहिला. 'वेळेवर'मधल्या 'ळे'वरून कागदाची घडी गेली आहे आणि तिथे शाई तुटली आहे. 'जेव'मधला 'व' त्यांनी घाईत काढलाय, त्याची काठी खाली लांब ओढली गेली आहे. तुला अक्षराचं हेच वळण हवं आहे ना? म्हणून तुला मी मलम लावू नकोस असंच सांगेन.

मलमाने कातडी काही वेळ फुगल्यासारखी, रबरासारखी होते. स्टेन्सिल, म्हणजे कागदावरून कातडीवर उमटवलेला नमुना, नीट चिकटत नाही, रेष ओढताना कातडी हाताखालून सरकते. मोठ्या फुलाच्या शेडिंगमध्ये हे झाकलं जातं. तीन शब्दांच्या बारीक अक्षरात झाकलं जात नाही. तुझं काम फार तर 40 मिनिटांचं आहे. त्यातली पहिली 10 मिनिटं खरी जड जातात, मग शरीर स्वतःच थोडं सावरतं आणि ओरखडा ओढल्यासारखी जळजळ उरते.

पण बरगडी का? तिथे कातडी पातळ, खाली लगेच हाड, आणि प्रत्येक श्वासाला सगळं हलतं. सुई कातडीत फक्त एक-दोन मिलिमीटर जाते, पण बरगडीवर तिची थरथर हाडात ऐकू येते. घोट्याचं हाड, कोपराची आतली बाजू, गुडघ्यामागची घडी, पायाचा वरचा भाग ही सगळी तशीच त्रासाची ठिकाणं. खांद्याखालचा बाहेरचा दंड, पोटरी आणि मांडीची बाहेरची बाजू त्यामानाने सोपी. हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या चार बोटं वर काढलंस तर दुखणं निम्म्यावर येईल, आणि डबा उघडताना ती चिठ्ठी तुला दिसेलही. बरगडीवरच हवी असेल तर तीही काढून घे, फक्त ठरवताना हे माहीत असू दे.

भीतीसाठी तीन गोष्टी कर. आदल्या रात्री झोप. येण्याआधी पोटभर जेव, नुसत्या चहावर येऊ नकोस. उपाशी पोटी भीतीने रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. माझ्याकडे चक्कर आलेल्या बहुतेकांनी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. आणि मशीन सुरू झालं की श्वास रोखू नकोस. बरगडीवर मी माणूस श्वास सोडतानाच रेष ओढते, त्यामुळे तू सावकाश श्वास सोडलास तर माझंही काम सोपं होतं.

माझ्या आजीच्या हातावर तुळस गोंदलेली होती. ती सांगायची, गोंदणारी बाई सुया टोचताना गाणं म्हणायची आणि मधेच थांबून म्हणायची, "आता पुढची ओळ तू म्हण, पोरी." आजी ओळ आठवायची तोवर चार ठिपके होऊन जायचे. मी गाणं म्हणत नाही, पण लोकांना त्यांच्या घरची एखादी पाककृती पहिल्यापासून सांगायला लावते. तू पप्पांच्या डब्यात काय काय असायचं ते सांग.

उजव्या हातावर खांद्यापासून मनगटापर्यंत काम करून घेणार आहे. एका वेबसाइटवरून 'आठ तास सुन्न' असं लिहिलेलं मलम मागवलंय. घरूनच पूर्ण हाताला लावून, वर प्लॅस्टिक गुंडाळून जावं असा विचार आहे. चालेल का?
— वाचक, वय 27, ठाणे

नाही. कृपा करून असं करू नका.

चार वर्षांपूर्वी, मे महिन्यात, माझ्याकडे एक मुलगा मांडीच्या कामासाठी आला. त्याने घरून अख्ख्या मांडीला मलम थापलं होतं, वर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळली होती, आणि तसाच दोन तास मोटरसायकल चालवत उन्हातून आला होता. मी फिल्म काढत होते तेव्हा तो म्हणाला, "ताई, तोंडात लोखंडासारखी चव येतेय." मग जिभेला मुंग्या आल्या, कानात शिट्टी वाजायला लागली, बोलणं जड झालं. मी मलम ओल्या कापडाने पुसत होते आणि माझा सहकारी रिक्षा आणायला धावला होता. दवाखान्यात ईसीजी काढला, संध्याकाळपर्यंत मॉनिटरवर ठेवलं. तो सुखरूप घरी गेला. पण घरून काही लावून येणार आहेस का, हे मी त्याला बुकिंगच्या वेळी विचारलं नव्हतं. तेव्हापासून हा माझा पहिला प्रश्न असतो.

हे का होतं ते समजून घ्या. या मलमांत बहुधा लिग्नोकेन असतं. ते नसेतून जाणारा दुखण्याचा निरोप अडवतं. कातडीत राहिलं तर ठीक, पण रक्तात जास्त उतरलं तर ते मेंदूचे आणि हृदयाचेही निरोप अडवू लागतं. फिट येऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जागा जितकी मोठी, थर जितका जाड, ऊब जितकी जास्त, तितकं ते जास्त शोषलं जातं. प्लॅस्टिक आणि ऊन दोन्ही ते वाढवतात. अमेरिकेत 22 आणि 25 वर्षांच्या दोन तरुणी लेझरने केस काढण्याआधी पायांना असं मलम लावून, वर प्लॅस्टिक गुंडाळून निघाल्या आणि त्यातच गेल्या. तिथल्या औषध प्रशासनाने 2007 मध्ये त्यावरून लोकांना सावध केलं. त्याच प्रशासनाने मार्च 2024 मध्ये टॅटूसाठी विकल्या जाणाऱ्या, 4 टक्क्यांपेक्षा जास्त लिग्नोकेन असलेल्या मलमांविरुद्ध पुन्हा इशारा दिला.

तुमच्या ट्यूबवर औषधाचं नाव आणि टक्केवारी छापली आहे का? नसेल तर ती टाकून द्या, पैसे गेले तर गेले. आपल्याकडे त्वचेचे डॉक्टर बहुधा लिग्नोकेन 2.5 टक्के आणि प्रिलोकेन 2.5 टक्के असं मिश्रण लिहून देतात. त्याचा साधारण हिशेब असा: मोठ्या माणसाला बिस्किटाएवढ्या जागेवर, म्हणजे 5 बाय 5 सेंटिमीटरवर, अडीच ग्रॅम. 5 ग्रॅमची अर्धी ट्यूब. चोळायचं नाही, जाड थर ठेवायचा, वर डॉक्टर देतात ती पारदर्शक पट्टी, आणि किमान एक तास थांबायचं. पुसल्यावर जागा पांढुरकी दिसते, साधारण एक-दोन तास सुन्न राहते. आता तुमचा हात किती बिस्किटांचा होतो ते मोजा. म्हणूनच पूर्ण हाताला हा उपाय नाही.

कातडी अखंड हवी. दाढीचं पातं फिरवून लगेच मलम लावू नका. आधी मलम, ते पुसल्यावर साबणाने धुऊन मग केस काढायचे. आणि काम चालू असताना सुईने उघड्या झालेल्या जागेवर सुन्न करणारा स्प्रे मारू देऊ नका. तिथून औषध सरळ रक्तात जातं. कुणी इंजेक्शन देतो म्हणालं तर तो डॉक्टर आहे का विचारा. आमच्यापैकी कुणालाही ते द्यायची परवानगी नाही.

पूर्ण भूल घेऊन एका दिवसात सगळं उरकायचा विचार डोक्यात असेल तर तोही सोडा. जानेवारी 2025 मध्ये ब्राझीलमध्ये 45 वर्षांचा एक माणूस पाठीवरच्या टॅटूसाठी रुग्णालयात पूर्ण भूल घेताना हृदय बंद पडून गेला.

तुमच्या हाताची पाच-सहा सिटिंग करा, प्रत्येकी तीन तासांची. तीन तासांनंतर शरीराची सोसण्याची ताकद ओसरते, मग आधी सहज झालेली रेषही असह्य वाटते. मधे तीन-चार आठवडे जाऊ द्या. कोपराची आतली घडी आणि काखेजवळचा भाग वेगळ्या दिवशी ठेवा. त्या लहान जागेपुरतं डॉक्टरांना विचारून मलम घ्या, तिथे ते खरंच उपयोगी पडतं.

माझा मुलगा 16 वर्षांचा आहे. मलम लावून छोटासा टॅटू काढायला माझी परवानगी आहे.
— वाचक, इचलकरंजी

माझी नाही. 18 पूर्ण झाले की त्याला घेऊन या. तोवर त्याला चित्र वहीत काढत राहू दे.

गेल्या वर्षी स्टेंट बसवला. इकोस्प्रिन आणि रक्त पातळ करणारी आणखी एक गोळी चालू आहे. दंडावर राजमुद्रा काढायची आहे. चार दिवस गोळ्या बंद ठेवल्या तर चालेल असं मित्र म्हणतो. दुखू नये म्हणून कॉम्बिफ्लाम घेऊन येऊ का?
— वाचक, वय 49, सोलापूर

गोळ्या एक दिवसही स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका टॅटूसाठी पत्करण्यासारखा नाही. दुसरी गोळी थांबवायची की नाही, केव्हा, हे तुमचे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. ते थांबा म्हणाले तर थांबा. राजमुद्रा पुढच्या शिवजयंतीलाही तितकीच शोभेल.

कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं. त्याने रक्त जास्त वाहतं आणि इकोस्प्रिनच्या कामातही अडथळा येतो. डॉक्टरांना चालत असेल तर साधी पॅरासिटामॉल घ्या, तीही काम झाल्यावर, रात्री ठणका लागला तर. दारू पिऊन येऊ नका, धीर यायला एक पेगही नको. हृदयाचे ठोके नियमित ठेवणारी एखादी गोळी चालू असेल तर भुलीच्या मलमाआधी ते डॉक्टरांना जरूर सांगा. मधुमेह असेल तर गेल्या तीन महिन्यांची साखर दाखवणारा रिपोर्ट घेऊन या, जखम भरण्यासाठी मला तो बघावा लागतो.

तीन वर्षांपूर्वी कर्करोगामुळे डावा स्तन काढला, नंतर रेडिएशनही झालं. त्या व्रणावर प्राजक्ताची फांदी काढून घ्यायची फार इच्छा आहे. निम्मी जागा बधिर आहे, निम्म्या जागी नुसतं कापड लागलं तरी चरचरतं. या वयात हे सोसेल का?
— वाचक, वय 52, नाशिक

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सोसेल. पण घाई करायची नाही.

शस्त्रक्रियेत काही नसा कापल्या जातात, म्हणून तुम्हाला एकाच हाताएवढ्या जागेत दोन टोकं जाणवतात. बधिर जागा सोपी वाटते, पण तिथेच मला जास्त जपावं लागतं, कारण सुई जास्त खोल गेली तरी तुम्ही "आई गं" म्हणणार नाही. व्रणाची आणि रेडिएशन झालेली कातडी पातळ असते, रंग पसरतो, आणि भुलीचं मलम तिच्यातून किती आत उतरेल याचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून तुम्हाला मी मलम लावणार नाही. चरचरणाऱ्या जागेत दोन मिनिटं काम आणि दोन मिनिटं विश्रांती, असंच करायचं.

आधी तुमच्या कर्करोगतज्ज्ञांचं लेखी मत आणा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर डाव्या हातावर रक्तदाबाचा पट्टासुद्धा बांधू नका असं तुम्हाला सांगितलं असेल. तोच नियम सुईला. जंतुसंसर्ग झाला तर हात सुजू शकतो, म्हणून फांदी दंडाकडे जाऊ द्यायची नाही, छातीवरच थांबवायची.

पहिल्या भेटीत मशीन लागणारच नाही. मी कापसाने आणि पेनाच्या मागच्या टोकाने हळूहळू स्पर्श करीन, तुम्ही डोळे मिटून सांगायचं: कळतंय, नाही कळत, चरचरतंय. त्याप्रमाणे मार्करने नकाशा काढू. पानं आणि जाड फांदी बधिर भागात घेऊ. केशरी देठांची फुलं, जिथे रंग भरायला वेळ लागतो, ती जमेल तितकी व्रणाबाहेरच्या निरोगी कातडीवर. चरचरणाऱ्या भागात फक्त गळणारी एक-दोन फुलं, बारीक रेषेत. नकाशा पुसून, घरी जाऊन, महिनाभर विचार करा.

येताना पुढून बटणं असलेला सैल सुती सदरा घाला आणि सोबत बहीण किंवा मैत्रीण आणा. त्या दिवशी मी दुसरं कुणालाही वेळ देणार नाही, दार आतून लावून घेऊ.