विंडोजचे अपडेट कायमचे बंद ठेवावेत का? सर्वात सुरक्षित पद्धत कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरून जीएसटीचं आणि हिशेबाचं काम, विंडोज ११ चा लॅपटॉप, शेजारी विंडोज १० चा जुना डेस्कटॉप आणि त्याला जोडलेला शेअरिंगवरचा प्रिंटर. एका अपडेटनंतर लॅपटॉपवरून प्रिंट निघेना, एरर कोडच्या शेवटी ‘११बी’ होतं. आता ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, अपडेट कायमचे बंद करून टाका.

करू नका. पण अपडेट आल्या आल्या टाकायचीही गरज नाही. दर महिन्याचा अपडेट आला की तीन-चार दिवस थांबा आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी, बॅकअप घेऊन, स्वतःच्या हाताने टाका. मी छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो आणि सगळीकडे हीच पद्धत लावून दिली आहे.

शनिवारच का? मायक्रोसॉफ्टचा सुरक्षेचा मुख्य अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेमध्येच पडतो. जीएसटीच्या विक्रीच्या मासिक विवरणपत्राची, म्हणजे जीएसटीआर-१ ची, शेवटची तारीख ११; कर भरायच्या विवरणपत्राची, म्हणजे जीएसटीआर-३बी ची, २०. ‘एक आठवडा थांबा’ हा नेहमीचा सल्ला तुम्ही पाळलात तर अपडेट १५ ते २१ मध्ये येईल, म्हणजे कधी ना कधी नेमका २० तारखेला. मंगळवारनंतरचा शनिवार मात्र १२ ते १८ मध्येच येतो. ११ तारीख उलटलेली असते, आणि काही बिघडलंच तर २० च्या आधी निदान एक-दोन दिवस हातात राहतात. त्यासाठी मंगळवारी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून ‘पॉज फॉर १ वीक’ करायचं आणि शनिवारी ‘रिझ्यूम’.

हे तीन-चार दिवस वाया जात नाहीत. विंडोज १० चा ऑक्टोबर २०१८ चा मोठा अपडेट २ तारखेला आला आणि काही जणांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फायलीच उडाल्या. तक्रारींचं प्रमाण फार कमी होतं, पण ज्याच्या फायली गेल्या त्याला त्या प्रमाणाचं काय? ६ तारखेला मायक्रोसॉफ्टने तो अपडेट थांबवला आणि दुरुस्त करून नोव्हेंबरात पुन्हा दिला. जे चार दिवस थांबले त्यांना काहीच झालं नाही.

थांबायला मर्यादा हवी, कारण अपडेट निघाला की विंडोजच्या सुरक्षेत भोक कुठे होतं हे चोरालाही कळतं. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून फरक शोधणं हे हल्लेखोरांचं रोजचं काम आहे. फायली लॉक करून खंडणी मागणारा वॉनाक्राय नावाचा व्हायरस (अशांना रॅन्समवेअर म्हणतात) ज्या भोकातून शिरला त्यावरचा अपडेट १४ मार्च २०१७ ला उपलब्ध होता. हल्ला झाला १२ मे ला. मधले जवळजवळ दोन महिने ज्यांनी तो टाकला नाही त्यांचे कॉम्प्युटर दीडशेच्या आसपास देशांत लॉक झाले. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत अपॉइंटमेंट आणि ऑपरेशनं रद्द करावी लागली. त्यानंतर २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला. त्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा पाडली आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. हिशेबाचं काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला होता. आत आल्यावर तेच मार्चमधलं भोक आणि चोरलेले पासवर्ड वापरून तो पसरला. म्हणून हल्ला चालू असल्याची बातमी आली, किंवा मायक्रोसॉफ्टने मंगळवार सोडून मध्येच तातडीचा अपडेट काढला, तर शनिवारची वाट बघू नका. बॅकअप घ्या आणि त्याच दिवशी टाका.

आता शनिवारचं काम. टॅली किंवा जे काही वापरता ते बंद करा, डेटा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्या, त्यातली एखादी फाइल उघडून बघा आणि मग डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही लॉक करतं. वनड्राइव्हवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका; इथे फाइल उडाली की तिथलीही उडते, आणि रीसायकल बिनमधून परत मिळायची मुदत ठरलेली असते.

यापेक्षाही जास्त लोकांची झोप उडवणारी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, आहे. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही कॉम्प्युटर सुरू होताना निळी स्क्रीन दाखवून ४८ अंकी रिकव्हरी की मागू लागले. की नसेल तर डेटा मिळत नाही, कोणताही मेकॅनिक तो काढून देऊ शकत नाही. आजच तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करा, डिव्हाइसच्या यादीत तुमच्या लॅपटॉपसमोर ती की दिसते का बघा आणि कागदावर उतरवून लॅपटॉपच्या बॅगेत नाही, कपाटात ठेवा. अपडेटच्या आधी बॅकअपशिवाय आणखी एकच काम निवडायला सांगितलं तर मी हेच सांगेन.

चार्जर लावून रीस्टार्ट करा. टक्केवारी एका जागी अडकल्यासारखी वाटली तरी पॉवरचं बटण दाबून धरू नका, वेळ द्या. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हे काम करायचंच नाही. लाइट नेमकी तेव्हाच गेली तर विंडोज पुन्हा टाकायची वेळ येऊ शकते. सुरू झाल्यावर तीन गोष्टी तपासा: एक प्रिंट काढा, डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन लावून बघा, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडा. काही अडलं तर विंडोज अपडेटच्या ‘अपडेट हिस्ट्री’मध्ये ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आहे, तिथून तेवढाच अपडेट मागे घेता येतो. वर्षाचा मोठा अपडेट असेल तर मागे जायला साधारण १० दिवस मिळतात.

‘ऑप्शनल अपडेट्स’ला हात लावू नका, त्यातल्या ड्रायव्हरनाही (प्रिंटरसारखं एखादं यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनाही) नाही, जोवर ते यंत्र नीट चालतंय तोवर. ‘लेटेस्ट अपडेट्स लवकरात लवकर’ असं जे बटण आहे तेही बंद असू द्या. आणि ब्राउझरमध्ये पूर्ण स्क्रीनभर ‘विंडोज अपडेट होत आहे’ असं दिसून विंडोजचं बटण आणि आर दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगितलं, तर तो हल्ला आहे. खरा अपडेट ब्राउझरमधून कधीच येत नाही.

तुमच्या प्रिंटरबद्दल. शेअर केलेल्या प्रिंटरशी होणारं बोलणं सुरक्षित करायचा नियम १४ सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून सक्तीचा झाला. एका मशीनवर अपडेट आहे आणि दुसऱ्यावर नाही, अशा जोडीत ११बी बऱ्याचदा दिसतो; त्यामुळे डेस्कटॉपचे अपडेट बंद असतील तर आधी ते पूर्ण करा. यूट्यूबवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, एक शून्य टाकायचा उपाय सांगतात. त्याने प्रिंट निघते, पण ती सुरक्षाच बंद पडते. त्यापेक्षा प्रिंटरला वायफाय किंवा लॅनची सोय असेल तर तो थेट राउटरला जोडा आणि दोन्ही मशीनवर तो वेगवेगळा इन्स्टॉल करा. शेअरिंगची गरजच संपते.

राहिला विंडोज १० चा डेस्कटॉप. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ची नोंदणी विंडोज अपडेटच्याच पानावरून होते आणि तिची जाहीर केलेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची आहे. नोंदणी नसेल तर त्या मशीनवर पक्षकारांचे पासवर्ड, बँकेचं लॉगिन आणि डीएससी यातलं काहीही वापरू नका.