मुलीला पोलिसांविरुद्धचे खटले लढवायचे आहेत

प्रश्न : न्यू जर्सीतील एका आईने लिहिले आहे की, राज्यशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या त्यांच्या मुलीने वकील होऊन पोलिसांच्या गैरवर्तनाविरुद्ध नागरी हक्कांचे खटले लढवायचे ठरवले आहे. वडिलांचा विरोध आहे आणि पुण्याच्या आजींना पोलिसांशी वैर घेण्याच्या कल्पनेनेच धास्ती बसली आहे. अशा वेळी आईने कोणाची बाजू घ्यावी, असे त्या विचारतात.

उत्तर : ताई, तुम्ही मुलीच्या बाजूने उभे राहावे असे मला मनापासून वाटते. मात्र त्याआधी हे काम नेमके कसे चालते, हे तुम्ही आणि तिनेही नीट समजून घ्यायला हवे. या खटल्यांचा पाया म्हणजे १८७१ साली, गुलामगिरी संपल्यानंतर दक्षिणेतील कृष्णवर्णीयांवर होणाऱ्या हिंसेला आवर घालण्यासाठी झालेला कायदा. तो आज ‘सेक्शन १९८३’ या नावाने ओळखला जातो. सरकारी अधिकाराचा वापर करून कोणी घटनात्मक हक्क डावलला, तर त्या अधिकाऱ्यावर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावता येतो. हा कायदा जवळजवळ नव्वद वर्षे फारसा वापरात नव्हता. १९६१ साली शिकागोतील मन्रो कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला खरा जीव दिला.

आपल्याला जवळचे वाटेल असे एक प्रकरण सांगते. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातील मॅडिसन या गावी सुरेशभाई पटेल हे ५७ वर्षांचे गृहस्थ मुलाच्या घराजवळ सकाळी फिरत होते. नातवाला सांभाळायला ते गुजरातहून नुकतेच आले होते, आणि त्यांना इंग्रजी येत नव्हते. एका शेजाऱ्याने अनोळखी माणूस दिसतो म्हणून फोन केल्यावर पोलीस आले. पटेलांचे हात पाठीमागे धरलेले असतानाच एका अधिकाऱ्याने त्यांना जमिनीवर आपटले. हात मोकळे नसल्यामुळे त्यांना स्वतःला सावरता आले नाही. मानेच्या मणक्याला इजा होऊन त्यांना अंशतः पक्षाघात झाला. हे सारे पोलिसांच्या गाडीतील कॅमेऱ्यात टिपले गेले होते. तरीही फौजदारी खटल्यात दोनदा ज्युरीचे एकमत झाले नाही, आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्या अधिकाऱ्याला निर्दोष ठरवले. बहुतेक लोकांना वाटले की प्रकरण तिथेच संपले.

दिवाणी दावा मात्र पुढे चालत राहिला, आणि तुमच्या मुलीचे काम इथेच सुरू होईल. अधिकारी ‘क्वालिफाइड इम्युनिटी’चे संरक्षण मागतो. म्हणजे तशाच स्वरूपाचे वर्तन बेकायदा असल्याचे आधीच स्पष्टपणे ठरलेले नसेल, तर वागणे चुकीचे असूनही त्याच्यावर दावा चालत नाही. वकिलाला जुने निकाल धुंडाळून आपल्या अशिलाच्या प्रसंगाशी जुळणारा निकाल शोधावा लागतो, आणि तो मिळाला नाही तर ज्युरीसमोर उभे राहण्याची संधीही हुकते. पटेलांच्या बाबतीत २०२० साली अपील न्यायालयाने हे संरक्षण नाकारले. २०२१ मध्ये शहराने १७ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली. म्हणजे घटनेपासून सहा वर्षे लागली. तीही चित्रफीत हाताशी असताना. शिकागोत १९६९ साली पोलिसांच्या छाप्यात मारल्या गेलेल्या फ्रेड हॅम्प्टन या ‘ब्लॅक पँथर’ संघटनेच्या तरुण कृष्णवर्णीय नेत्याच्या प्रकरणात तडजोड व्हायला १९८२ साल उजाडले. पोलिसांनी ते घर सील न करता सोडल्यामुळे तरुण वकिलांनी आत जाऊन गोळ्यांच्या खुणांचे पुरावे गोळा केले होते, आणि गोळीबार जवळजवळ सर्वस्वी पोलिसांकडून झाला हे त्यामुळे सिद्ध होऊ शकले. मुलीला विचारायचा खरा प्रश्न हाच आहे : एकाच माणसाच्या प्रकरणाला दहा वर्षे देण्याची, आणि तथ्ये आपल्या बाजूची असूनही कायद्याच्या मुद्द्यावर हरण्याची तिची तयारी आहे का?

वडिलांची पैशांची काळजी रास्त आहे, तिला भित्रेपणा म्हणू नये. खाजगी वकील असे दावे बहुधा जिंकल्यावरच फी घेण्याच्या बोलीवर घेतात, आणि तोवर तज्ज्ञ साक्षीदारांचा खर्चही पुष्कळदा स्वतः सोसतात. १९७६ च्या कायद्यामुळे जिंकणाऱ्या पक्षाच्या वकिलाची फी प्रतिवादीकडून मिळवता येते, पण ती मिळेपर्यंत घर चालले पाहिजे. शिवाय १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच मिळते. त्यामुळे नावाजलेल्या पण महागड्या कॉलेजापेक्षा चांगली शिष्यवृत्ती देणारे कॉलेज निवडणे या मार्गात जास्त शहाणपणाचे आहे. ना-नफा संस्थेत किंवा सरकारी नोकरीत १२० हप्ते भरले की उरलेले सरकारी कर्ज माफ होऊ शकते. खाजगी फर्ममध्ये ही सवलत नाही. फक्त केंद्रीय न्याय खात्याच्या भरवशावर राहू नये, कारण तिथले धोरण सरकारबरोबर बदलते. मे २०२५ मध्ये त्या खात्याने मिनियापोलिस आणि लुईव्हिल येथील पोलिसांवरील दावे मागे घेतले, हे ताजे उदाहरण आहे.

आजींना मात्र एक गोष्ट जरूर सांगा. गडचिरोलीतील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिले, तेव्हा १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आणि त्यांत वसुधा धगमवार व रघुनाथ केळकर ही दोन मराठी माणसे होती. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. पोलिसांना जाब विचारणे म्हणजे वैर धरणे नव्हे, हे आजींना यातून उमजेल.

एलसॅटची, म्हणजे कायद्याच्या कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी सुरू करण्याआधी तिने एखादा उन्हाळा असे दावे लढवणाऱ्या लहान फर्ममध्ये किंवा पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे गरीब आरोपींना सरकारतर्फे मिळणाऱ्या वकिलाच्या, कार्यालयात काढावा. तिथे तिला दिसेल की अशील आल्यावर पहिले काम भाषणाचे नसते. कॅमेऱ्यातील चित्रण पुसले जाण्याआधी ते जपून ठेवण्याची मागणी करणारे पत्र त्याच दिवशी पाठवावे लागते. न्यू जर्सीत राज्याच्या कायद्याखालील दाव्याची नोटीस ९० दिवसांत गेली नाही, तर तो भाग हातचा जाऊ शकतो. हे बारीक, कंटाळवाणे काम करताना तिला थकवा आला तरी ओढ टिकली, तर वडिलांना तिच्या कॉलेजांच्या अर्जांबद्दल तिच्यासोबत बसायला सांगा.