मुलगी म्हणते, लपलेलं चुंबकत्व शोधायचंय

नमस्कार दादा,

तुमची मुलगी नाशिकला टीवायबीएस्सीला आहे. कॉलेजातल्या एका व्याख्यानात तिने ‘लपलेल्या चुंबकीय रचने’बद्दल ऐकलं आणि आता तिला त्यातच पीएचडी करायची आहे. तुम्ही अंबडला लेथवर काम करता आणि विचारता, "यात पोट भरेल का, की एमसीएला घालू?"

आधी तिचा विषय पाहू. लोखंडात अणूंची चिमुकली चुंबकं एकाच दिशेला तोंड करू शकतात. मँगनीज ऑक्साइड थंड केलं की त्यातली अर्धी बरोबर उलटी होतात. बेरीज शून्य, बाहेरून काहीच जाणवत नाही. ही मांडणी 1949 मध्ये न्यूट्रॉनच्या झोताने उघडी पडली. असे प्रयोग आपल्याकडे ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर होतात. पण युरेनियम, रुथेनियम आणि सिलिकॉनच्या एका संयुगाने 1985 पासून भल्याभल्यांना चकवलंय. 17.5 केल्विनला, म्हणजे उणे 255 अंशांच्याही खाली, त्याची विशिष्ट उष्णता, म्हणजे एक अंश तापवायला लागणारी उष्णता, एकदम उसळते. आत कसली तरी शिस्त लागते हे नक्की. न्यूट्रॉनला सापडणारं चुंबकत्व मात्र त्या उसळीच्या मानाने अगदीच तुटपुंजं. मग शिस्त कसली? सर्वांना पटलेलं उत्तर अजून नाही. अशा प्रश्नाने पोरीची झोप उडाली, याचा मला मनापासून आनंद झाला.

आता पैशांचं. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. कायम प्राध्यापकाच्या जागा थोड्या, हे तिला आजच सांगा. पण अशा थंडीच्या प्रयोगांत लागणारं द्रव हेलियम आणि व्हॅक्यूम पंप हाताळणाऱ्याला एमआरआय मशीनच्या कामातही विचारतात.

आणखी एक. नमुना बसवायचा तांब्याचा होल्डर लेथवरच होतो. एक आटा ढिला राहिला की नमुना नीट थंड होत नाही आणि दिवसभराची रीडिंग वाया जातात. तुम्हाला येतं ते तिला लागणार आहे. साहेबांची परवानगी काढून एखाद्या सुट्टीला तिला मशीनपाशी उभी करा.

एमसीएचा निर्णय आत्ता नको. एमएस्सीसाठीची प्रवेश परीक्षा, आयआयटी जॅम, फेब्रुवारीत असते, अर्ज सप्टेंबरच्या सुमारास निघतात, तो भरू द्या. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचाही अर्ज करायला सांगा. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढून ती घरी आली की तिला पुन्हा विचारा, आणि ती काय म्हणाली ते मला कळवा.