३० फुटी आरव्ही घेऊन ओरेगॉनला कॅम्पिंगला जातोय, एका दिवसात जास्तीत जास्त धबधबे कसे बघता येतील?

आधी ते 'जास्तीत जास्त' डोक्यातून काढा. आणि आरव्ही, म्हणजे ते चाकावरचं घर, एकदा कॅम्पसाइटवर लावली की धबधबे बघायच्या दिवशी ती जागची हलवू नका. एवढं ठासून सांगतोय कारण याच गोष्टीवरून माझं आणि दाजींचं अजूनही पटत नाही.

आम्ही सिल्व्हर फॉल्स स्टेट पार्कच्या कॅम्पग्राउंडवर उतरलो होतो, ताई, दाजी, भाचरं, आई आणि मी. या पार्कातच १० धबधबे आहेत, ७.२ मैलांची ट्रेल ऑफ टेन फॉल्स नावाची पायवाट आहे, साइटवरून चालत निघायचं की झालं. पण दाजींना पार्काबाहेरचा, लांबचा मल्टनोमाह धबधबाच बघायचा, ६२० फुटांचा, नाव मोठं. बरं जायचं तर जा, पण आरव्हीतूनच जायचं. मी म्हटलं दाजी, तिथं एवढी मोठी गाडी लावणार कुठं, तर म्हणे "अरे घरच बरोबर आहे, वाटेल तिथं थांबू!"

घर बरोबर नेणं म्हणजे काय ते ऐका. विजेची केबल काढा, पाण्याचा पाइप गुंडाळा, सांडपाण्याची टाकी रिकामी करा, स्लाइड-आउट (बाहेर सरकवलेला खोलीचा भाग) आत घ्या, गाडी समतल ठेवणारे जॅक वर घ्या, प्रत्येक कपाटाची खिट्टी तपासा. यातच निम्मी सकाळ गेली. आणि एवढं करून एक खिट्टी ढिली राहिलीच, पहिल्याच वळणावर कपाट उघडलं, ताटं धाडधाड खाली, ताई एका हाताने दार दाबून धरून पुढचे कितीतरी मैल तशीच बसली होती. आय-८४ महामार्गावर मल्टनोमाहसाठीचं एक्झिट ३१ डाव्या बाजूला आहे, तिथं पोचलो तर पार्किंग फुल, गेट बंद. समोर धबधबा दिसतोय आणि गाडी पुढं चाललीय, आईने मान वळवेपर्यंत गेला पण. मग पुढच्या एक्झिटवरून जुन्या हिस्टॉरिक हायवेने परत फिरलो. हा रस्ता १९१३ ते १९२२ मध्ये त्या काळच्या गाड्यांसाठी बांधलेला, अरुंद, कडेला दगडी कठडे, वळणं एकामागून एक. हॉर्सटेल फॉल्स तर अगदी रस्त्याला लागून आहे, आणि तिथंही आम्हाला थांबायला जागा नाही! मुलं मागून ओरडतायत थांबा थांबा आणि दाजींचं सगळं लक्ष आरशात. रात्री कॅम्पसाइटवर येऊन अंधारात परत गाडी लेव्हल करत बसलो. तरी दाजी त्या दिवसाचे धबधबे 'बघितलेले' म्हणून मोजतात. मला ते मान्य नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्पष्ट सांगितलं, गाडी हलणार नाही. आईला घेऊन हळूहळू साउथ फॉल्सला गेलो, १७७ फूट. वरचा बसाल्ट खडक टणक आणि खालचा थर मऊ, तो पाण्याने आणि थंडीत बर्फाने झिजत गेलाय, त्यामुळे मागे गुहेसारखी पोकळी झालीय आणि पायवाट सरळ पाण्याच्या मागून जाते. आई तिथं कठड्याला धरून उभी, चष्म्यावर तुषार, पुसायलाही तयार नाही. भाचरांना नॉर्थ फॉल्सच्या मागे छताला गोल भोकं दाखवली, लाव्हाने उभी झाडं वेढली, झाडं गेली आणि त्यांचे साचे राहिले. खालून बघितलं तर चिमणीसारखं दिसतं. एवढ्या दोन ठिकाणी अख्खा दिवस गेला आणि कुणाची तक्रार नव्हती.

आता मल्टनोमाह हवाच असेल तर आरव्ही त्याच बाजूच्या कॅस्केड लॉक्स गावच्या कॅम्पग्राउंडवर ठेवा आणि कोलंबिया गॉर्ज एक्स्प्रेसच्या बसने जा, ती धबधब्यापाशीच थांबते. दाजींना हे त्याच दिवशी सांगितलं होतं, पण बसने जायचं तर आरव्ही कशाला घेतली म्हणे! झोपायला घेतली, दाजी.

हां, काही गोष्टी राहिल्या. सिल्व्हर फॉल्सचं पाणी पावसावर आहे, उन्हाळ्याच्या शेवटी बरेच धबधबे बारीक होतात, विंटर फॉल्स तर जवळजवळ आटतो, जमलं तर वसंतात जा. तिथल्या धबधब्यांच्या दरीतल्या कॅन्यन ट्रेलवर कुत्रा चालत नाही. पायऱ्या ओल्या असतात. आणि तुमची ३० फुटी नसून छोटी कॅम्पर व्हॅन असती तर मी एवढं ताणून धरलं नसतं. कॅम्पसाइटचं बुकिंग ६ महिने आधी उघडतं, साइट निवडताना तिची लांबी बघून घ्या.