रविवारचे कुरळे केस

"मॅडम, प्रश्न तसा फालतू आहे. उगीच तुमचा वेळ घेतोय," असं म्हणत ते माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. वय ३८, काम हिशेब तपासण्याचं. चार वर्षं वाढवलेले केस मानेवर घट्ट बांधलेले, एक बट इकडची तिकडे नाही. हे लांब, सरळ केस पर्म करून कुरळे करून घ्यावेत का, हा त्यांचा प्रश्न. दीड वर्ष ते हेच ठरवत होते. दोनदा सलूनमध्ये वेळ घेतली होती आणि दोन्ही वेळा आदल्या रात्री फोन करून रद्द केली होती.

दीड वर्ष माणसाची झोप खाणाऱ्या प्रश्नाला मी फालतू म्हणत नाही, हे त्यांना आधी सांगितलं. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत आणि लिहिण्याआधी त्यांची संमती घेतली आहे.) दिसण्याविषयी बोलायला येणारे पुरुष जवळजवळ सगळेच सुरुवातीला अशी माफी मागतात. मला याचं फार वाईट वाटतं. झोप लागत नाही म्हणून येणारा कोणी माफी मागत नाही.

केसांकडे वळण्याआधी मी काही गोष्टी विचारून घेतल्या, अशा वेळी त्या विचारतेच. आरशासमोर रोज किती वेळ जातो? दिसण्यामुळे कुठे जाणं टाळता का? आधी काही करून घेतलं आणि तरी समाधान झालं नाही, असं झालंय का? इतरांना न दिसणारं व्यंग स्वतःला सतत दिसत राहणं आणि दिवसातले तासचे तास त्यात जाणं, हा वेगळा आजार आहे. त्याला उपचार लागतात, नवी केशरचना त्यावर उपाय नाही. शिवाय आयुष्यात नुकतंच काही मोडलं असेल, तर मी म्हणते की थोडं थांबा, त्या भरात काही करू नका. यांच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. कुरळे केस त्यांना कॉलेजच्या दिवसांपासून हवे होते, बस.

दुसऱ्या भेटीत त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. हिशेबाच्या माणसाचा कागद तो, मधोमध रेघ मारून एका बाजूला 'जमा', दुसरीकडे 'नावे'. नावे बाजूला एकोणीस नोंदी. जमा बाजूला एकच शब्द: 'आवडतात'.

मी पेन्सिल घेतली आणि एकोणीसपैकी सात नोंदींखाली रेघ ओढली. केस जळतील का, टक्कल पडेल का, किती दिवस टिकतं, नको वाटलं तर परत सरळ होतात का, अशा त्या होत्या. म्हटलं, या सातांची उत्तरं माझ्याकडे नाहीत. पर्म करणाऱ्याकडे जा, पण करून घ्यायला नको, नुसतं विचारायला जा. कुणाला तरी विचारलं की मिटेल अशा शंका आपण मनात ठेवून चघळतो आणि त्या दुसऱ्या भीतींमध्ये मिसळून जातात. मग कशाची किती भीती वाटतेय तेच कळेनासं होतं.

ते गेले आणि वहीभर लिहून आले. मला स्वतःलाही त्यातलं बरंच नवीन होतं. केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, त्याला घट्टपणा देतात ते गंधकाचे बंध. पर्मच्या पहिल्या द्रावणाने, बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेटने, त्यातले काही बंध सुटतात. तोवर केस रॉडवर गुंडाळलेले असतात. मग हायड्रोजन पेरॉक्साइडचं दुसरं द्रावण लावून ते बंध नव्या आकारात पुन्हा जुळवतात. हे सगळं मुळांच्या वरच्या केसात घडतं, त्यामुळे पुरुषांना पडतं तसलं आनुवंशिक टक्कल पर्ममुळे पडत नाही. पण मुळात कमजोर असलेला केस यात तुटू शकतो, आणि टाळूला पुरळ उठू शकते. वळण साधारण तीन ते सहा महिने चांगलं राहतं. मुळाशी येणारा नवा केस मात्र सरळच येतो. लांब केसांचं वजन जास्त, म्हणून वळण वरच्या भागात लवकर ढिलं पडतं. आणि एकदा केलं की धुऊन काढता येत नाही. नको असेल तर केस वाढायची वाट बघायची किंवा कापायचे.

सात नोंदी त्यांनी स्वतःच खोडल्या. उरल्या बारा, आणि त्यातल्या बहुतेक 'लोक' या शब्दाने सुरू होणाऱ्या. लोक हसतील. लोक म्हणतील बायकी दिसतो. लोक म्हणतील, हे काय वय आहे?

'बायकी'वर ते स्वतःच वाद घालत होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या कितीतरी फुटबॉलपटूंनी पर्म केला होता. केविन कीगनचे ते कुरळे केस प्रसिद्ध होते, आणि १९७८ व १९७९ अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू तोच होता. हे सगळं त्यांना तोंडपाठ. तरी सलूनची वेळ रद्दच होत होती. लाज वाटणाऱ्याला दाखले देऊन फार उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे. दाखले त्याने आपल्याआधीच गोळा केलेले असतात.

मी विचारलं, "लोक म्हणजे कोण? नावं सांगा." बराच वेळ गेला. शेवटी ऑफिसातल्या एका वरिष्ठांचं नाव आलं, ज्यांनी लांब केसांवर चार वर्षांत एक अक्षर काढलं नव्हतं. आणि मग एक शाळेतली आठवण. आठवीत पाणी लावून, बोटाने पिळून कपाळावर बटा केल्या होत्या. शिक्षकांनी वर्गासमोर उभं करून त्या दाखवल्या. हे त्यांनी भरभर, हसत हसत सांगितलं, पण सांगताना हात मागे जाऊन रबरबँड नीट बसलाय ना ते चाचपत होता. ही आठवण निघाल्याने गाठ सुटली असं मी म्हणणार नाही. आम्हाला दोघांना एवढंच कळलं की बारा नोंदींमधला तो हसणारा आवाज बराच जुना आहे.

तिसऱ्या भेटीत, निघता निघता, दाराशी उभं राहून म्हणाले, "एक सांगायचं राहिलं." आणि परत येऊन बसले.

दोन वर्षं, दर शनिवारी रात्री, ते केस ओलसर करून बारीक बारीक वेण्या घालत होते. चौदा-पंधरा. प्रत्येकीच्या टोकाला छोटं रबर. तशाच झोपायचं. रविवारी पहाटे एकेक वेणी सोडायची, बोटांनी हलक्या हाताने मोकळी करायची आणि अर्धा तास तसंच, त्या लाटांसकट, घरात वावरायचं. पेपर वाचायचा. मग डोक्यावरून पाणी घ्यायचं, घरातलं कोणी उठायच्या आत.

"बायकोला माहीत नाही?"

"नाही. ती उशिरा उठते."

दोन वर्षं दर रविवारी पहाटे, अर्धा तास. हे ऐकताना मला जे वाटलं ते मी लपवलं नाही. त्यांना म्हटलं, जमा बाजूच्या त्या एका शब्दाचं वजन आता मला कळलं. आणि सुचवलं की एवढं घरी सांगून बघा, पर्मचं राहू दे.

पुढच्या वेळी आले ते सांगतच आत आले. बायको म्हणाली होती, "अरे, ती बारीक रबरं मला उशीखाली सापडतात. डबीत साठवून ठेवलीत. मी वाट बघत होते, कधी सांगतोस."

मग आम्ही एक प्रयोग ठरवला. कामाच्या दिवशी, वेण्या सोडून, केस तसेच ठेवून ऑफिसला जायचं. आदल्या रात्री अंदाज लिहून ठेवायचा की चौदा सहकाऱ्यांपैकी किती जणांच्या लक्षात येईल. त्यांनी लिहिलं, अकरा. प्रत्यक्षात तिघे. एकाने नुसतं छान म्हटलं, एकाने विचारलं, "आज केस धुतलेत का?" आणि तिसरा मोठ्याने म्हणाला, "काय साहेब, शूटिंगला?" दोन-चार जण हसले. म्हणजे दीड वर्ष ज्याची भीती होती ते घडलंच.

"मग?"

"कान तापले. मग एका बिलात चूक सापडली आणि विसरलो. संध्याकाळी घरी आल्यावर आठवलं."

कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मी तेव्हा त्यांना सांगितला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, गायक बॅरी मॅनिलोचं चित्र असलेला टी-शर्ट घालून खोलीभर लोकांसमोर पाठवलं. त्यांना वाटलं, जवळपास निम्म्या लोकांनी चित्र ओळखलं असणार. ओळखलं होतं सुमारे चौथाई लोकांनी. अर्थात पर्म केला तर तो तिघांपेक्षा जास्त जणांना दिसेल, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं. कोणाच्याच लक्षात येणार नाही अशी खात्री मी कोणाला देत नाही.

यानंतर मला वाटलं होतं, ते आता करून टाकतील. पण ते गप्प होते. लोकांच्या बाराच्या बारा नोंदी खोडल्या गेल्या तेव्हा त्यांच्याखाली दबलेली एक गोष्ट वर आली. ती वहीत होती, फक्त त्यांनी मला वाचून दाखवली नव्हती. अडीच वर्षांपूर्वी त्यांनी केसांचा रंग ब्लीचने उतरवून बटा फिकट केल्या होत्या. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे तो ब्लीच केलेला भाग आता टोकांशी, शेवटच्या पंधरा सेंटिमीटरमध्ये होता. पर्म करणारीने बोटांत धरून दाखवलं होतं: एवढे केस द्रावण सोसणार नाहीत, तुटतील. कापावे लागतील, नाहीतर थांबा. शिवाय वळण आलं की उरलेले केसही आखूड दिसतील.

"पंधरा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला. "मॅडम, मला लांबीपण आवडते हो."

आता कुठे खरा पेच समोर आला होता. दोन्ही बाजूंना त्यांची आवडच, एक सोडून दुसरी घ्यायची. अशा पेचात मी कधीच कौल देत नाही, पण त्यांच्यासोबत बसून राहते. आम्ही बसलो. त्यांनी स्वतःच ठरवलं: एकदम कापायचे नाहीत. दर दोन महिन्यांनी टोकं थोडी थोडी उतरवायची, मुळाकडून वाढू द्यायची, आणि वर्षभराने बघायचं. तोवर वेण्या, आता कोणत्याही वारी.

शेवटच्या भेटीला आले तेव्हा केस मोकळे होते. "एक गंमत दाखवतो," म्हणाले. मान वळवून मागचे सरळ केस वर उचलले. खाली, मानेच्या वळणाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एकच बट कुरळी होती. पर्म करणारीने टोक कापून तेवढी चाचणीसाठी करून दिली होती, त्यांचे केस वळण कसं धरतात ते बघायला. त्यांनी ती दोन बोटांत धरून सरळ ताणली आणि सोडली. बट गुंडाळत वर गेली.

"बघितलंत?" म्हणाले, आणि पुन्हा ताणली.