श, ष, स ला ऊष्म का म्हणतात?

प्रश्न: मुलीला व्याकरण शिकवताना श, ष, स ना 'ऊष्म' म्हणतात असं वाचलं. उष्णतेशी काय संबंध? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: संबंध आहे की! संस्कृतात उष् म्हणजे जाळणं, त्याच्यातूनच उष्ण आणि ऊष्मन् म्हणजे ऊब, वाफ. जुन्या उच्चारशास्त्रात श, ष, स आणि ह ला हेच नाव. आता असं करा, मुलीला 'प' म्हणायला सांगा, ओठ उघडले की संपलं, मग 'स' म्हणायला सांगा, दम असेपर्यंत स्स्स्स लांबवता येतो, कारण वाट पूर्ण बंद होतच नाही, हवा फटीतून घासत बाहेर पडते, कुकरची शिटी व्हायच्या आधी वाफ कशी फुसफुसते अगदी तसं. इंग्रजीवाल्यांनी ऊब सोडून आवाज पकडला, श, स सारख्या आवाजांना ते सिबिलंट म्हणतात, हा शब्द लॅटिन सिबिलारे वरून, म्हणजे शीळ घालणं, फुसफुसणं.

बाकी 'ष' लिहितो आपण, पण बोलताना बहुतेक जण 'श'च म्हणतात, त्यामुळे शुद्धलेखनात मुलीचे मार्क गेले तर फार ओरडू नका.

आणि गोव्यात तर श ची वेगळीच गंमत, पोर्तुगीजात एक्स हे अक्षर बऱ्याचदा श सारखं उच्चारतात, म्हणून रोमी कोंकणीत, म्हणजे रोमन लिपीत लिहिलेल्या कोंकणीत, शीत (भात) लिहायचं तर सुरुवात एक्सने. केपे तालुक्यातल्या शेल्डें गावाची इंग्रजी पाटी (Xeldem) बघा, बाहेरून आलेला माणूस तिथे हमखास 'झेल्डेम' वाचतो.